पाणी किती फुटाला येतं?

सांगलीत घर बघायला गेलं की दोन प्रश्न ठरलेले. भाडं किती, आणि पाणी किती फुटाला येतं. हे नळाचं पाणी नव्हे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे नदीकाठच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर. मग पाणी चढत चढत मारुती चौकाकडे, हरभट रोडकडे येतं. प्रत्येक गल्लीचा आपापला आकडा आहे आणि भाडं त्या आकड्याप्रमाणे कमीजास्त होतं.

मी लग्न होऊन गावभागातल्या वाड्यात आले, तेव्हा आकडे नव्हते. सासूबाईंनी देवघर दाखवलं, फडताळं दाखवली आणि त्याच ओघात सांगितलं, “मारुती चौकात पाणी आलं असं कुणी म्हणालं की आपण माळा रिकामा करायला घ्यायचा.” आकडे आले ते २००५ नंतर. त्यानंतर आमच्याकडे पावसाळ्यात रोज सकाळी चहाबरोबर दोन गोष्टी बघितल्या जायच्या, कोयनेतून किती सोडलं आणि पुलाला किती आहे.

यंदाच्या गुढीपाडव्याला, १९ मार्चला, आमची गुढी विश्रामबागेत, सांगलीच्याच नदीपासून लांबच्या भागात, उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत. इथे आम्हाला आकडा नाही.

वाड्याच्या जिन्याच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची. तेव्हा पुलापाशी ५३ फुटांच्या आसपास होतं. मधली २०२१ ची, ५५ च्या जवळपासची. सगळ्यात वरची २०१९ ची, ५७ च्याही पुढची. रेघा आमच्या यांनी ओढल्यात. हरभट रोडवर यांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे, तिथल्या काळ्या रंगाने. वाडा सोडताना मालक म्हणाले, आता रंग देऊन घेतो, पण जिन्याची भिंत राहू दे म्हणून आम्ही त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. पुढच्या भाडेकरूला ती भिंत दिसली पाहिजे.

२०१९ चा ऑगस्ट. कोयना भरलेली, कऱ्हाडला कोयनेचं पाणी कृष्णेत, हरिपूरला वारणेचं आणि खाली नरसोबावाडीला पंचगंगाही तुडुंब. पाणी पुढे सरकेचना. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मारुती चौकात गुडघ्याच्या वर होतं. हे दुकानातला माल माळ्यावर चढवायला थांबले. मी आणि सासूबाई निघालो, सासूबाईंच्या मांडीवर देवांचा डबा.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. आमच्या दुकानात काट्यावर असणाऱ्या दादांची बहीण विश्रामबागेत राहते. तोवर मी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तिच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली एक खोली तिनं आम्हाला दिली. दुसऱ्या दिवशी दत्तनगरचं एक कुटुंब आलं, त्यांनाही त्याच घरात जागा झाली. शहरभर नळ बंद होते, टँकरच्या रांगेत तिचा मुलगा आणि मी आळीपाळीनं उभे राहायचो. कोल्हापूरचा रस्ता बंद, पुण्याकडचा बंद, दूध मिळेना. ती बाई रोज सकाळी भडंगाचा डबा मधे ठेवायची आणि काळा चहा करायची. निघताना मी पैशांचं बोलायला गेले, तर म्हणाली, “पाणी उतरलंय, आता घर धुवा जाऊन. पैशाचं काय बोलताय.” मला ती बाई रोज आठवते. आता तर मी तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते.

पाणी उतरल्यावरचं काम पुरापेक्षा मोठं असतं. गाळाचा वास, फुगलेली कपाटं, आंबलेले गहू. यांच्या दुकानात मात्र वेगळीच गर्दी सुरू झाली. लोक भिजलेले फोटो घेऊन यायला लागले. लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे, हार घातलेल्या तसबिरींमधले. काही जण तर आख्खी तसबीर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे, आत अजून पाणी डचमळत असायचं.

त्या दिवसांत यांच्याकडून मला कळलं की काचेला चिकटलेला फोटो कधी ओढायचा नाही. काचेसकट स्वच्छ थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. त्याच्या अंगावर बोट लावायचं नाही, भिजलेल्या फोटोचा थर मऊ झालेला असतो आणि बोटाबरोबर निघून येतो. सुटला की कोपऱ्याला धरून दुसऱ्या पाण्यात धुवायचा, मग तोंड वर करून सावलीत वाळवायचा. जुने काळेपांढरे फोटो बहुतेक वाचले. रिळाच्या कॅमेऱ्याचे, लॅबमध्ये धुतलेले रंगीतही बऱ्यापैकी वाचले. अलीकडचे, घरच्या प्रिंटरवर छापलेले, ते गेले, शाई वाहूनच गेली त्यांची. म्हणजे आजोबांचा फोटो राहिला आणि नातवाचा गेला, असं घरोघरी झालं. पुढे महिनोन् महिने दुकानात दोऱ्या बांधून फोटो टांगलेले होते. हे धुण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, फक्त नवी फ्रेम केली तर तिचे घ्यायचे. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन आपल्या पत्नीचा फोटो वाळलाय का बघून जायचे. तो वाळला तेव्हा यांनी तो त्यांच्या हातात न देता त्यांच्या घरी नेऊन भिंतीला लावून दिला. भिंत अजून ओली होती म्हणून मागे थर्माकोल घातला.

मुलगा पुण्यात असतो, वाकडला. २०२१ चं पाणी येऊन गेल्यावर तो हट्टालाच पेटला. तुम्ही इकडे या, आईला मी सांभाळतो, आजीला लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. त्याचं म्हणणं मायेचं होतं. आम्ही पावसाळ्यात तिथे जाऊन राहिलोही. तिथलं सगळं चांगलं आहे. सून माझ्याशी लेकीसारखी वागते. पण मी तिथे हिशेब कुणाचा लिहू? यांनी दुकान कुणाच्या जिवावर सोडायचं? सासूबाई तिथल्या बाकावर बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला विचारायच्या, “गाव कुठलं तुमचं?” बायका छान बोलायच्या, उस्मानाबाद, जळगाव, नागपूर सांगायच्या. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, “इथे सगळी आलेलीच आहेत गं, असलेलं कुणी नाही.” पुण्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. माझा मुलगा तिथे उभा राहिला, त्या शहराचे उपकार आहेत. आम्हाला फक्त पाण्यापासून लांब जायचं होतं, सांगलीपासून नव्हे. ते अंतर टेम्पोनं अर्ध्या तासाचं निघालं.

सामान बांधताना जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. पूर येतो तेव्हा काय उचलायचं ते ठरलेलं असतं. देव, दाखल्यांची आणि रेशनकार्डाची पिशवी, सासूबाईंच्या गोळ्या, सिलिंडर, गव्हाचं पोतं, मग भांडी, वेळ उरला तर टीव्ही. विचार करायला कुणाला सवड नसते. यंदा फेब्रुवारीत पाणी नव्हतं, घाई नव्हती, आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन ठरवावं लागत होतं. तांब्याचं घंगाळ घ्यायचं का? तिथे न्हाणीघर नाही, बाथरूम आहे, गीझर आहे. तीन पुरांत तरलेला लाकडी पाट, ज्याचा एक पाय कधीच सरळ बसला नाही, तो घ्यायचा का? फडताळात मागे आमच्या सासऱ्यांच्या हातच्या किराणा उधारीच्या वह्या निघाल्या, पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. त्या आम्ही घेतल्या नाहीत. यांनी त्या सगळ्यात शेवटी उचलल्या, थोडा वेळ धरून बसले आणि ठेवून दिल्या.

पाटावरवंटा घ्यायचा, याबद्दल सासूबाईंनी कुणाला विचारलंच नाही. टेम्पोवाला पोरगा म्हणाला, “आजी, ह्यो दगड पण न्यायचा?” सासूबाई म्हणाल्या, “आधी त्योच ने.” तो गेला सगळ्यात आधी.

मार्चमध्ये हळदीचा हंगाम ऐन भरात असतो. शेतात काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि यार्डात आणायची. सौदे संपेपर्यंत माझ्या वहीच्या पानांवर, चष्म्यावर, केसांत हळदच असते. घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, आली बघा नवरी. घर बदलायच्या गडबडीत रोज शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहिताना माझ्या मनात येत राहिलं की या गावात आमच्या आधी हळदीनं घर बदललंय.

हरिपूरला हळदीची पेवं होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावची माती चिवट. तिथे जमिनीत खोल खड्डे खणायचे, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा राहत नाही म्हणून कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि रंग धरून ठेवायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी पेटता कंदील सोडून बघायचा. तो विझला तर थांबायचं. आमच्या दुकानातले जुने हमाल ही कामं केलेले आहेत. २००५ च्या पुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि आतली हळद कुजून गेली. त्यानंतर माल गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जायला लागला, नदीपासून लांब, उंचावर. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि मला त्या रिकाम्या पेवांचं वाईट वाटलं. वीज लागत नाही, औषध लागत नाही, नुसती माती आणि माणसाची अक्कल. पण पाणी तिथवर येतं हे एकदा कळल्यावर कुणी आपली वर्षाची कमाई तिथे ठेवणार नाही, आणि ठेवू पण नये.

म्हणून मी वाडा सोडल्याचं दुःख करत बसत नाही. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांना उचलून बोटीत घालायची वेळ मला पुन्हा नको आहे.

राग मात्र येतो. नकाशावर निळी रेषा असते आणि लाल रेषा असते. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्या जिन्यात तीन रेघा सोळा वर्षांत पडल्या. आणि तरी नाले बुजवून, भराव टाकून प्लॉट पाडले जातात, ते विकले जातात, आणि ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो तिथे घर बांधतो. त्याला दोष कसा देऊ? आम्हीही वाड्यात इतकी वर्षं राहिलो ते भाडं परवडत होतं म्हणून. यांच्या दुकानाची दोन कर्जं फिटली आणि मुलानं हात लावला, तेव्हा कुठे हा फ्लॅट झाला.

पाडव्याला गुढीची काठी वर कशी न्यायची हा प्रश्न होता. वाड्यातली कळकाची काठी सासूबाईंच्या लग्नाच्या आधीची. ती लिफ्टमध्ये मावेना आणि जिन्यात वळेना. वॉचमनदादा म्हणाले, कापू का? सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. मग खालच्या मजल्यावरच्या मुलांनी दोरी आणली, गॅलरीतून खाली सोडली, काठी बांधली आणि बाहेरून ओढून वर घेतली. पहिल्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या गॅलरीतून हात लावून “डावीकडे, डावीकडे” करत होत्या. तोवर आमची कुणाची ओळख नव्हती. काठी वर आली तेव्हा आख्खी इमारत गॅलऱ्यांत उभी होती.

जरीचा खण, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याचा टाळा, साखरेची माळ, वर तांब्या. सासूबाईंनी पाट्यावर कडुलिंबाची फुलं, गूळ, भिजलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा आणि हिंग वाटलं. दगडाचा आवाज खालपर्यंत गेला असणार, कारण थोड्या वेळानं तीन घरच्या वाट्या दारात आल्या, थोडी चटणी द्या म्हणून. दुपारी पुरणपोळ्या झाल्यावर सासूबाईंनी नवं पंचांग उघडलं. शके १९४८ सुरू झालं. त्या दरवर्षी आधी पावसाचं पान काढतात, यंदाही काढलं. हे म्हणाले, “आई, आता आपल्याला काय करायचंय पावसाचं?” त्या म्हणाल्या, “दुकान कुठाय तुझं?”

दुकान हरभट रोडलाच आहे. आणि वाड्यात मागच्या खोल्यांत दोन कुटुंबं अजून आहेत. समोरच्या काकू आहेत, त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो. गल्लीच्या टोकाला दोन म्हशी पाळणारं घर आहे, ज्यांच्याकडून मी इतकी वर्षं दूध घेतलं.

विश्रामबागेतलं आयुष्य सोपं आहे. यार्ड जवळ पडतं, वडाप, म्हणजे शेअरची गाडी, मिळतं, शंभरफुटी रस्त्यावर सगळी दुकानं आहेत, सासूबाईंना गणपतीचं देऊळ चालत जाता येतं. त्या देवळाला त्या “इकडचा गणपती” म्हणतात. घाटाजवळचा, पटवर्धनांनी बांधलेला काळ्या दगडाचा, तो त्यांचा नुसता “गणपती”. दर चतुर्थीला हे त्यांना स्कूटरवरून तिकडे नेतात. मला पहाटे घाटावरचे आवाज ऐकू येत नाहीत आणि त्याची सवय झालेली नाही. दारं बंद असतात त्याचीही नाही. पण बंद दारामागची माणसं चांगली आहेत, हे काठीनं दाखवलं.

शेजारची तिसरीतली मुलगी माझ्याकडे गणितं घेऊन येते. एकदा तिला विचारलं, नदी कुठल्या बाजूला आहे गं? तिनं विचार करून मिरजेकडे, म्हणजे उलट्याच बाजूला, हात केला. पुढच्या रविवारी मी तिला आणि इमारतीतल्या आणखी चार पोरांना हरिपूरला नेलं. चिंचेच्या झाडांखालून जाणारा तो रस्ता, संगमेश्वराचं देऊळ, आणि खाली कृष्णा आणि वारणा. मार्चमध्ये पाणी खोल गेलेलं असतं, दोन्ही नद्या शांतपणे येऊन मिळताना दिसतात. येताना आयर्विन पुलावर थांबलो. हा पूल १९२९ चा आहे आणि तिन्ही पूर त्यानं बघितलेत, हे सांगितलं. मग खालचं पाणी दाखवलं आणि २०१९ मध्ये ते कुठवर होतं ते हातानं दाखवलं. पोरं एकदम गप्प झाली. त्यातला एक म्हणाला, “मग तेव्हा खालची माणसं कुठे गेली?” मी म्हटलं, आपल्याकडे आली. तुझ्या इमारतीतही आली असतील, तुझ्या आजीला विचार.

त्याच्या आजीनं सांगितलं की हो, आली होती, पार्किंगमध्ये दोन कुटुंबं होती.

म्हणून परवाच्या सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय काढला. पाणी चढायला लागल्यावर कुणाला कुठे न्यायचं ते ऑगस्टमध्ये ठरवण्यापेक्षा आत्ता ठरवू. कुणाच्या घरात एक खोली देता येईल, कुणाकडे फक्त सामान ठेवता येईल, कुणाकडे गाडी आहे. गच्चीवरची पत्र्याची शेड साफ करून ठेवता येईल का. टाकी आधी भरून घ्यायची, कारण नळ जातात. बैठकीत दोघांनी शंका काढल्या, सोसायटीच्या नियमात बसतं का वगैरे. सेक्रेटरी म्हणाले, बसवू. सहा घरांनी नावं दिली. आमच्या जुन्या गल्लीतली सात कुटुंबं आहेत. त्यांच्या एकेका घराला इथलं एकेक घर जोडून द्यायचं, फोन नंबर दोन्हीकडे द्यायचे आणि मे महिन्यात एकदा सगळ्यांना आमच्या गॅलरीत चहाला बोलवायचं, म्हणजे पाण्याच्या दिवशी अनोळखी दार वाजवायची वेळ कुणावर येऊ नये. सहा घरं आणि सात कुटुंबं, तर समोरच्या काकू आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे.

म्हशींचा प्रश्न राहिला. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मोकळा प्लॉट आहे, कुंपणाचा, उंचावरचा, आत हातपंप आहे. मालक इचलकरंजीला असतात. सेक्रेटरींनी त्यांचा नंबर मिळवून दिलाय. येत्या रविवारी मी त्यांना फोन करणार आहे, आणि त्याच संध्याकाळी गल्लीत जाऊन म्हशीवाल्यांना सांगून येणार आहे की वैरण किती दिवसांची लागेल ते लिहून द्या.